बाबांची हरळी, कंपनीची हिरवळ

वसंता,

पेणच्या साप्ताहिकवाल्यांनी माणूस पाठवला होता. म्हणाला, "ताई, भावावर चार चांगले शब्द लिहून द्या, गणपतीच्या अंकात फोटोसकट छापू." मी त्याला चहा दिला आणि म्हटलं, चांगले शब्द सगळे कंपनीने शोकसभेत वापरून टाकले, माझ्याकडे उरलेत ते चालतील का? तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतेय.

गंमत कसली? मला तुझा राग आलाय. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण मग रागवायचं कोणावर? मरायला तुला पेणचा एसटी स्टँडच मिळाला. छातीत कळ आली, बाकड्यावर बसलास, आणि रोह्याची गाडी लागली तेव्हा कंडक्टरने हलवून बघितलं. स्टँडबाहेर टेम्पोत हमरापूरच्या गणपतीच्या मूर्ती चढवत होते, माणसांची नुसती गर्दी, आणि त्या गर्दीत एकालाही कळलं नाही. लोकांना वाटलं, गोल्फवाल्या साहेबांना डुलकी लागलीय. पन्नाशीसुद्धा गाठली नाहीस. मोठी बहीण मागे ठेवून धाकट्याने पुढे जायचं, ही कुठली रीत काढलीस?

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आपला गाव खारेपाटातला. खाडीच्या बांधाच्या आत आपली भातशेती, बांधाच्या बाहेर भरतीचं पाणी. बाबांच्या मागे जमीन तुझ्या नावावर झाली. हक्कसोडीवर मी सही केली ती हसत केली, भावाने भात लावावा म्हणून. पुढे मुंबईच्या शेठने खारेपाटात गोल्फचं मैदान काढायचं ठरवलं. जो तो विकायला लागला, तूही विकलीस. तेही एक वेळ समजले असते. पण तू शेती शिकलेला माणूस, तू त्याच कंपनीत त्याच जमिनीवर गवताचा साहेब म्हणून कामाला लागलास. आणि लावलंस काय, तर हरळी! बाबांनी जन्मभर कंबर मोडून जी उपटली ती हरळी. "रावण मेला पन हरळी नाय मेली," असं म्हणत बांधावर तिच्या मुळ्या सुकवायला टाकायचे. त्याच बांधावरून तू तिचे ठोंब काढून नेलेस आणि कौतुकाने लावलेस. बाबा असते तर त्यांनी तुला विळा घेऊन शिवारभर पळवला असता.

तेव्हा मी तुझ्याशी बोलणं सोडलं होतं. माझं सासर मैदानाच्या खालच्या अंगाला. तिथलं पाणी नाल्याने आमच्या शेतांत उतरतं आणि आमच्या उघाडीतून, म्हणजे बांधाच्या झडपेतून, ओहोटीला खाडीत जातं. वर जे ओताल ते खाली आमच्या ताटात येणार, हे कळायला शिकायला जावं लागत नाही. आम्ही बायका पेणच्या कचेरीवर मोर्चा घेऊन गेलो होतो. "गोल्फ नको, भात हवं" अशी पाटी माझ्याच हातात होती. तू कचेरीच्या दारात शेठच्या गाडीत बसलेला होतास. मी बघितलं आणि तूही बघितलंस.

तरी रात गेली आणि तू दारात हजर. "बाय, भांडायचंय तर घरात ये म्हन, दारात कशाला," म्हणालास. मग भांडलोच. तुझं एकच म्हणणं होतं. "मैदान व्हनारच हाय. मी नसलो तरी व्हनार. मग जरा नीट व्हवं, यवढंच माझं." मी म्हटलं, चोर घरात शिरणारच आहे म्हणून तू त्याला कंदील दाखवणार का? तू म्हणालास, "व्हय. म्हंजे तो पोरांच्या अंगावर पाय तरी नाय देनार."

त्याने मला आणखीच राग आला.

आता खरं तेही सांगते, नाहीतर तू वरून म्हणशील बाय एकतर्फी लिहिते. तू केलंस ते नीट केलंस. शेठने आधी बाहेरगावाहून भारी गवत मागवलं होतं. पहिल्या उन्हाळ्यात खारेपाटाचं मीठ वर आलं आणि ते पापडासारखं उडालं. तेव्हा बोअर मारायची, गावच्या तळ्याला पंप लावायचा असं त्यांचं चाललं होतं. तू आडवा पडलास. बाबा जमीन जशी धुवायचे तशी तू मैदानाची जमीन धुतलीस. पावसाचं पाणी आत अडवायचं, मीठ विरघळू द्यायचं, ओहोटीला सोडून द्यायचं, पुन्हा अडवायचं. त्यावर हरळी धरली. गावच्या तळ्यातली कळशीसुद्धा तू त्यांना घेऊ दिली नाहीस. उन्हाळ्यात सकाळी अनवाणी फिरायचास. एकदा मला जबरदस्तीने घेऊन गेलास आणि म्हणालास, "हितं पाय दे. आता उचल. गवत उठलं? म्हंजे तहान नाय त्याला. पाऊल तसंच ऱ्हायलं की पानी द्यायचं. कंपनीचा मानूस घड्याळ बघून पानी मारतो, मी पाऊल बघून मारतो." मी म्हटलं, वा रे वा, भाताला कधी एवढी विचारपूस केलीस का? पण पाय मात्र मी आणखी दोन ठिकाणी ठेवून बघितला.

मैदानातलं पाणी सरळ आमच्या अंगावर येऊ नये म्हणून तू खालच्या टोकाला तळं खोदलंस, त्यात पाणकणसं लावलीस, गाळ तिथे बसायचा. पावसाळ्यात लष्करी अळी पडायची, तेव्हा औषध मारायला तू साफ नकार दिलास. भातात करतात तेच केलंस. हिरवळीवर संध्याकाळी पाणी साचवायचं, अळी वर यायची, सकाळी बगळे येऊन फडशा पाडायचे. शिवाय पाखरांना बसायला जागोजाग काठ्या रोवल्यास. खेळायला येणाऱ्यांचा चेंडू काठीवर आपटला की ते शिव्या घालायचे. शेठ चिडला तर तू त्याला म्हणालास, बगळा पगार मागत नाही. हे तू मला सांगितलंस तेव्हा मी हसले होते. आमच्या शेतात वलगणीला, म्हणजे पहिल्या पावसाच्या लोंढ्याला, मासे चढत राहिले, चिंबोऱ्या मिळत राहिल्या. ते तुझ्यामुळे. हे मी तुझ्या तोंडावर कधी बोलले नाही. बोलायला हवं होतं असंही मला वाटत नाही, तू शेफारला असतास.

आणि ती दूर्वांची भानगड! आठवते ना? मैदानाचं दुसरंच वर्ष असेल. पाऊस इतका की कापायचं यंत्र चिखलात रुतायचं, त्यामुळे हिरवळ चार बोटं वाढलेली. हरतालिकेच्या दिवशी आमच्या ठमाबाई टोपली घेऊन निघाल्या. दरवर्षी त्या बांधावरच्या दूर्वा खुडून, जुड्या बांधून पेणच्या बाजारात विकतात. बांधावर बघतात तर काय, हरळी, म्हणजे दूर्वाच की, सगळी तू नेलेली. मग त्यांनी सरळ कुंपण ओलांडलं. मागे आणखी सात-आठ बायका. कोवळ्या, लुसलुशीत, तीन पानांच्या दूर्वा, जन्मात असल्या बघितल्या नव्हत्या. त्यांनी ती हिरवळ मधोमध खुडून काढली. नेमके त्याच दिवशी शेठचे पाहुणे आले होते. त्यांना दिसलं काय, तर न्हाव्याने अर्धी हजामत करून सोडून दिलेलं डोकं. रखवालदार ओरडत आला तर ठमाबाई त्यालाच म्हणाल्या, "अरे मेल्या, देवाचं गवात हाय. तुमी त्यावं चेंडू मारता, आमी गनपतीला वाहतो. पाप कोनाला लागंल?"

तू पळत आलास. मला वाटलं आता ठमाबाईंची खैर नाही. तू हिरवळीकडे बघितलंस, ठमाबाईंच्या टोपलीकडे बघितलंस, आणि पोट धरून हसलास. मग शेठकडे गेलास आणि त्याला सांगितलंस की या गवताला गावात मान आहे, भाद्रपदात बायका इथे येणार, हिरवळ सोडून कडेच्या गवतात खुडणार, आणि देवाला वाहायचं म्हणून पाऊसभर याच्यावर औषधाचा थेंब पडता कामा नये. शेठ भाविक माणूस, ऑफिसात गणपती बसवणारा. त्याने हो म्हटलं. तेव्हापासून दरवर्षी पेणच्या बाजारातल्या दूर्वा तुझ्या मैदानातल्या. जोह्याच्या मूर्तींच्या कारखान्यांतूनसुद्धा गिऱ्हाईक यायचं. ठमाबाई ओरडायच्या, "गोलफच्या दूर्वा घ्या, गोलफच्या!"

मी तुला तेव्हाच म्हटलं होतं, हे बांधून घे. शेठकडून, कंपनीकडून, ग्रामपंचायतीत चारचौघांसमोर ठरवून घे, की मैदानाचा साहेब कोणी असो, औषध नाही, गावच्या तळ्याचं पाणी नाही, खालच्या शेतांचा विचार आधी. तू दरवेळी तेच उत्तर द्यायचास. "शेठ माझ्या शब्दाबाहेर नाय, बाय. मानूस नीट असला की मैदान नीट ऱ्हातं." माझंही दरवेळी तेच. माणूस मरतो रे. मैदान राहतं. मग?

यंदा नारळी पौर्णिमेला राखी बांधून घेतलीस आणि आपण पुन्हा त्यावरच आलो. हे कंपनीतून नुकतेच शिफ्ट संपवून आले होते. (रोह्याच्या केमिकल कंपनीत माझे यजमान कामाला आहेत, वाचणाऱ्यांसाठी सांगते.) ते म्हणाले, "वसंतराव, ही बोलते ते खरं हाय. आमच्याकडं पन एक चांगला साहेब होता." तू उखडलास. तुला वाटलं आम्ही दोघं मिळून तुझ्यावर उठलोय. मी म्हटलं, "उद्या तू नसलास तर?" तू म्हणालास, "मी काय यवढ्यात मरतोय व्हय?" आणि नारळीभात न खाता गेलास.

मी चुकले असं म्हणायला मी तयार नाही. पण ताट तसंच राहिलं त्याचं काय करू?

शोकसभा मैदानावरच्या क्लबात झाली. तुझ्या बायकोला, सुनंदाला, पुढच्या खुर्चीत बसवलं, मला तिच्या शेजारी. तुझ्या फोटोला माझ्या मनगटाएवढा जाड हार. नवा मॅनेजर पुण्याकडचा, तरुण, चांगलं बोलतो. म्हणाला की वसंतराव निसर्गाचे उपासक होते, पर्यावरणाचा वसा आम्ही पुढे चालवू, एका हिरवळीला त्यांचं नाव देऊ. टाळ्या वाजल्या. शोकसभेत टाळ्या! मी खिडकीतून बघत होते. मागच्या शेडपाशी टेम्पो उभा होता आणि दोन माणसं निळे ड्रम उतरवत होती. मी सुनंदाला कोपराने ढोसलं. ती नुसती रडत होती.

काठ्याही उपटलेल्या होत्या. पाखरांच्या. शेडच्या भिंतीला मोळी बांधून टेकवल्या होत्या.

यंदा तुझ्या घरी गणपती नाही. माझं सुतक तीन दिवसांचं, आमच्याकडे बसायचा होता. हरतालिकेला ठमाबाई आणि आम्ही बायका नेहमीसारख्या गेलो. कडेच्या गवतात मी वाकले आणि वास आला. तो वास मला पाठ आहे. वीस-बावीस वर्षं यांच्या कपड्यांतून धुतेय मी तो. पानांवर पांढरट डाग होते. ठमाबाईंनी अर्धी टोपली भरलीसुद्धा होती, मी ती उपडी केली. त्या माझ्यावर ओरडल्या, मग वाकून हुंगलं आणि हात पदराला पुसले.

मॅनेजर आला, हातात छत्री. म्हणाला, "मावशी, अळी खूप पडली होती, नाइलाज झाला. पण काळजीचं कारण नाही, हे अगदी सौम्य औषध आहे, माणसाला काही होत नाही." मी एक जुडी बांधली. एकवीस दूर्वांची, रीतसर. त्याच्यापुढे धरली. "सायेब, या दूर्वांनी आमी पंचामृत शिंपडतो. तेच तीर्थ म्हनून पोरं पितात. काय व्हत नाय ना? मग चावा एक पान."

तो हसला. मी हसले नाही. ठमाबाई म्हणाल्या, "घ्या ना सायेब, गोलफच्या हायेत." त्याने हात पुढे केला नाही. एक पाऊल मागे सरला आणि छत्री दुसऱ्या हातात घेतली.

आमच्या गणपतीला यंदा परसातल्या दूर्वा वाहिल्या. पाच-सहा मिळाल्या, खुरटलेल्या. त्याचंही काही नाही, देव समजून घेतो. पण गणपतीच्या दुसऱ्या दिवशी पाऊस लागला आणि वरचं पाणी नाल्याने आमच्या शेतात उतरलं. तुझं ते तळं नव्या साहेबाला कुरूप दिसत होतं म्हणे, पाणकणसं काढून टाकली होती. सकाळी मी बांधावर गेले तर नाल्याच्या तोंडाशी मासे पालथे. चिंबोऱ्या बांधावर चढून बसलेल्या आणि हातात घेतल्या तर पाय हलवत नव्हत्या. भात पोटरीला आलेलं, लोंब्या धरायच्या बेतात. त्या पाण्यात उभी राहून मी तुला शिव्या दिल्या, वसंता. मोठ्याने दिल्या. मॅनेजरला नाही, शेठला नाही, तुला. ते परके. त्यांनी कधी म्हटलं होतं की बाय, मी आहे ना?

मग मी तेच केलं जे आपल्या लोकांना येतं. खाडीच्या बांधाला खांड पडली, बांध फुटून पाणी आत घुसलं, की कोणी कोणाला विचारत बसत नाही. एक जण ओरडतो आणि घरटी एक माणूस पाटी घेऊन धावतो. चिखल, पेंढा, दगड, पुन्हा चिखल. मी गावात येऊन ओरडले, "खांड गेली!" आरती चाललेल्या घरांतून लोक उठून आले. उघाडीकडे धावायला लागले तर मी म्हटलं, तिकडे नाही, इकडे. नाल्याच्या तोंडाला.

धावणारे जागीच थांबले. सगळ्यांना कळलं मी काय म्हणतेय. नाला बुजला की पाणी आमच्याकडे येणार नाही, मागे सरकणार. मागे तुझं मैदान. ठमाबाईंनी पदर खोचला आणि पहिली पाटी टाकली. "तुज्या भावाचं बुडंल गो," म्हणाल्या. मी म्हटलं, ठाऊक आहे. आणि दुसरी पाटी मी टाकली.

पक्कं बांधलं. तू बघायला हवं होतंस, बाबांच्या हाताखाली बांधायचो तसं. पाणी फुगलं, मागे फिरलं, आणि आधी तुझं ते उजाड केलेलं तळं भरलं, मग खालची हिरवळ गेली. तीच, जिला त्यांनी तुझ्या नावाची पाटी लावली आहे.

आज शेठ मुंबईहून आला. बांधावर बुटांनिशी चिखलात उभा राहिला. खरंच रडवेला झाला होता, तुझ्यावर त्याचा जीव होता हे मला नाकारायचं नाही. हात जोडून म्हणाला, "ताई, उघडा. एवढी वर्षं वसंतरावांनी जपलेली हिरवळ आहे. सगळी कुजेल. वसंतराव असते तर त्यांनी हे होऊ दिलं नसतं."

मी म्हटलं, "वसंता नाय. म्हनून आमी आलोय. आता आमच्याशी बोला."

तो म्हणाला, काय हवंय? मी सांगितलं. तुला जे सांगत होते तेच, शब्दही बदलला नाही. औषध नाही. गावच्या तळ्याचं पाणी नाही. खालच्या शेतांचा विचार आधी, म्हणून तू खोदलेलं तळं पुन्हा. आणि हे कोणा एका साहेबाच्या भरवशावर नाही, ग्रामपंचायतीत, सगळ्या गावासमोर, कंपनीने बांधून द्यायचं. तो विचार करून कळवतो म्हणाला आणि गाडीत बसला. आम्ही पाळ्या लावल्या आहेत. आता ठमाबाई आणि त्यांची सून बसल्यात, संध्याकाळी मी.

पाऊस थांबलेला नाही. बांधावरून सगळं दिसतं. तुझ्या हिरवळीवर गुडघाभर पाणी आहे, आणि तू असतास तर एव्हाना धोतरासारखी पँट खोचून, शिव्या देत, ते उपसायला उतरला असतास. तू त्या गवतावर अनवाणी चालायचास. कुजलं तर ते परत धरायला वर्षं जातील, आणि ते धरणारा माणूस आता नाही.

तरी मी नाला उघडणार नाही. तुझा जीव तुटत असेल तर ये, आणि अडव मला.

तुझी,
बाय